पदकावरचं नाव

प्रिय जाऊबाई,

तर सगळ्यात आधी वर आली ती खालची शिवणवाली. तोंडात टाचण्या तशाच धरून बोलायची तिची खोड, त्यामुळे तिचं अर्धं बोलणं कळतं आणि अर्धं टोचतं. म्हणाली, आजी, तुमच्या जाऊबाईंना विचारत दोघं आलेत, एक फाईलवाली बाई आणि एक काठीवाला म्हातारा, सरकारी दिसतायत, त्या इथे राहत नाहीत म्हणून सांगून घालवू का? मी म्हटलं, घालव की, पण आधी वर पाठव. इतक्या वर्षांत आपल्या जिन्यावर सरकारी माणूस चढला तो पाण्याचं मीटर बघायला, आणि तोही नाकाला रुमाल लावून. आलेल्या पाहुण्याला खालच्या खाली जाऊ देणारी बाई मी नव्हे, हे तुम्हाला ठाऊक आहे.

हे सगळं फोनवर सांगितलं असतं. पण तुमच्याशी फोनवर बोलायचं म्हणजे मी इकडून ओरडणार, तुमची चिमणी तिकडून तेच तुमच्या कानात ओरडणार, आणि शेवटी तुम्ही विचारणार, कोण गेलं? म्हणून लिहायला बसले. नातीनं वहीची पानं फाडून दिलीत. तुमचे कान गेले असले तरी डोळे शाबूत आहेत, तेव्हा हे पत्र स्वतः वाचा, लेकीला वाचून दाखवायला सांगू नका. अक्षर ओळखीचंच आहे. शाळेत मी दोनच वर्षं गेले, बाकीचं सगळं बंदरावरच्या लाँड्रीत शिकले, चादरींच्या कोपऱ्यांवर न जाणाऱ्या शाईनं जहाजांची नावं आणि आकडे घालून. त्यामुळे माझं अक्षर अजून मोठं आणि सुटं सुटं येतं, दहा धुण्यांत टिकेल असं.

म्हातारा चार वेळा थांबत वर आला. बाई त्याच्यामागे, तो पडलाच तर आपल्याच अंगावर पडेल अशा बेतानं. तरुण आहे, चाळिशीची असेल, बूट करकर वाजतात, पण बोलायला गोड. मी म्हाताऱ्याला खिडकीजवळची खुर्ची दिली आणि बाईला पलंगावर बसवलं. चांगले कप काढले. तुमचा कान तुटलेला कप मी स्वतःकडे घेतला. जाऊबाई, मला काय आनंद झाला होता म्हणून सांगू! घरात कोणीतरी येतंय, आपल्याला काहीतरी विचारतंय, आपण सांगतोय आणि ते लिहून घेतायत. मी त्यांना बिस्किटांचा अख्खा पुडा खायला घातला. बाई नको नको म्हणत होती आणि म्हातारा चहात बुडवून बुडवून खात होता.

बातमी अशी, की सरकारनं ठरवलंय, लढाईच्या वेळी मालाच्या जहाजांवर जी माणसं होती, खलाशी, भट्टीवाले, भटारखान्यातले, त्या सगळ्यांना पदक द्यायचं. हयात असेल त्याला, नसेल तर त्याच्या बायकोला. एकसष्ट वर्षांनी सुचलं. छात्या सगळ्या मातीत नाहीतर पाण्यात गेल्यावर आता छातीवर लावायचं काढलंय. मी असं बोलून दाखवलं तर बाईनं मान खाली घातली आणि म्हणाली, आजी, फाईल माझ्याकडे मागच्याच वर्षी आली. मला तिची दया आली. तिचा काय दोष, ती तेव्हा जन्मलीसुद्धा नव्हती.

तेव्हा अभिनंदन, जाऊबाई. तुमच्या बुडालेल्या नवऱ्याला पदक मिळणार आहे.

नमुन्याचं एक पदक बाईनं दाखवायला आणलं होतं. मी हातात घेऊन बघितलं. बिस्किटाएवढं, एका बाजूला जहाज, दुसऱ्या बाजूला नांगर, वर निळी-करडी फीत. फार हलकं. लाँड्रीत आमच्या गरम खोलीच्या किल्लीला जो बिल्ला होता तोसुद्धा याहून जड होता. पण घडणावळ बरी आहे. कडेला माणसाचं नाव कोरणार आहेत. त्याची पद्धत अशी, की आधी नावाचा कागद घेऊन येणार, वारसानं तो वाचून खाली सही करायची, मग तो यंत्रावर जाणार. एकदा कोरलं की बदलता येत नाही, असं बाईनं दोनदा सांगितलं. आमच्या शाईसारखंच म्हणायचं.

म्हातारा मोठा गप्पिष्ट निघाला. तोही जहाजावरचाच, भटारखान्यात भांडी घासायचा, मग हळूहळू बढती. म्हणाला, आम्हाला ना वर्दी ना बिल्ला. किनाऱ्यावर साध्या कपड्यांत फिरायचो, तर रस्त्यातल्या बायका अडवून विचारायच्या, एवढा धडधाकट आहेस, लढायला का जात नाहीस? आणि हा आदल्याच आठवड्यात पेटलेल्या तेलातून पोहून आलेला! आणखी एक सांगितलं. जहाज बुडालं की त्याच तारखेला नोकरी संपली असं खलाशाच्या नोकरीच्या पुस्तकात लिहायचे. पुढे होडीत काढलेले दिवस धरायचे नाहीत. म्हणाला, तेरा दिवस आम्ही होडीत बसलो होतो आजी, ते बेकार म्हणून बसलो होतो. आणि हसला. मी म्हटलं, मला आजी काय म्हणता, दात तर तुमचे माझ्याआधी गेलेत. मग आणखीच हसला. मी त्याला दुसरा कप ओतत होते, तेवढ्यात तो म्हणाला, तुमचे थोरले दीर माझ्याच जहाजावर होते, माझ्याच होडीत होते, म्हणून तर मी बाईंबरोबर आलो. चहा बशीत सांडला. बाईनं तो रुमालानं टिपला.

आता इथे थांबून एक गोष्ट लिहिते. ती तुम्हाला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे, पण एकसष्ट वर्षांत आपण दोघी ती एकदाही सरळ, उघड शब्दांत बोललो नाही. एकाच चुलीवर स्वयंपाक केला, एकाच दोरीवर कपडे वाळवले, आणि हे बोललो नाही. एकदा तरी कागदावर येऊ दे. त्या जहाजावर भाऊजी, तुमचे हे, नव्हतेच. माझे हे होते. भाऊजींना ताप आला होता, असं आपण म्हणत आलोय, तर तूर्त तसंच लिहिते. त्यांचं नाव जहाजाच्या यादीत चढलं होतं, वेळेवर हजर झाले नाहीत तर पोलीस येऊन तुरुंगात घालणार होते, म्हणून त्यांचं पुस्तक घेऊन धाकटा भाऊ गेला. पुस्तकावरचा फोटो पाण्यानं गेलेला, त्यात नाक तेवढं दिसायचं, आणि नाक दोघांचं एकच होतं. हे लाँड्रीच्या बॉयलरवर कामाला होते, कोळसा ओढायची सवय होतीच. दीड महिन्याची फेरी, परत आले की पुस्तक भावाच्या हातात, कोणाला कळणार होतं? आठव्या दिवशी जहाज बुडालं. तार आली ती तुमच्या नावानं आली. सरकारच्या लेखी तुमचे हे मेले. आणि माझे हे, जे कधी जहाजावर चढलेच नव्हते, ते घरी जिवंत होते.

मग आपण बंदराच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेलो, कोणी ओळखीचं नको म्हणून. तिथे घरमालकानं नावं विचारली तेव्हा तुम्ही आणि मी एकमेकींकडे बघितलं, आणि भाऊजींनी ह्यांचं नाव सांगितलं. झालं. गल्लीच्या लेखी मी नवऱ्याची बायको आणि तुम्ही विधवा जाऊ. तुम्ही काळे कपडे घालायला लागलात, आणि नवरा तुमचा आत बसून पेपर वाचायचा. मला रंगीत घालून हसत फिरावं लागायचं. जाऊबाई, मला रडायचं होतं हो. एकोणीस वर्षांची होते मी. पण रडायचा परवाना तुमच्याकडे होता, आणि तुम्हाला तो नको होता. बायका घरी यायच्या, तुमचा हात धरून बसायच्या, आणि मी त्यांना चहा द्यायचे. दारात येऊन कोणी ह्यांच्या नावानं हाक मारली की पहिली दोन-तीन वर्षं माझा जीव धावत दाराकडे जायचा. आणि आतून ओ द्यायचे भाऊजी.

तुमचंही काही सोनं झालं नाही, हे मी मानते. चिमणी तीन वर्षांची होती. तिला सांगितलं, बाबा समुद्रात गेले, हे काका. पोरीनं दुसऱ्या महिन्यापर्यंत काका म्हणायला सुरुवात केली, आणि भाऊजी तोंड फिरवून खिडकीत जाऊन उभे राहिले, ते मी बघितलंय. माझा मुलगा जन्मला तो त्यांना बाबा म्हणतच मोठा झाला. पोरांची अदलाबदल झाली बापाच्या बाबतीत. बंदरावर तो बुडालेल्यांच्या नावांचा दगड उभा राहिला, त्यावर भाऊजींचं नाव. दरवर्षी तुम्ही चिमणीला घेऊन फुलं ठेवायला जायचात. भाऊजी एकदाच गेले, एकटे. आपलंच नाव वाचून आले, हात धुऊन जेवायला बसले, आणि म्हणाले, मीठ कमी आहे. मला त्या वेळी इतकं हसू आलं की मी मोरीत जाऊन नळ सोडला.

लढाई संपल्यावर तरी खरं सांगायचं की! पण तेव्हा भाऊजी म्हणाले, पळून गेल्याची शिक्षा संपत नसते. तुम्ही म्हणालात, सरकारकडून महिन्याला जे येतं ते बंद होईल आणि आधीचं परत मागतील. मी दोरीवरचे कपडे काढायला गेले. आणि मग पोरं शाळेत गेली, शाळेत बापाची नावं लागली, आणि ते सगळं चादरीवरच्या शाईसारखं पक्कं झालं.

चोवीस वर्षांनी भाऊजी पलीकडच्या खोलीत खोकून खोकून गेले. दाखला ह्यांच्या नावाचा मिळाला. त्या दिवशी मला पहिल्यांदा काळे कपडे घालायची मुभा मिळाली, आणि मी जी रडले, जी रडले! गल्ली म्हणाली, नवऱ्यावर काय जीव होता हो हिचा. होताच. चोवीस वर्षांचं रडणं होतं ते, एका दिवसात संपवायचं होतं. मधेच माझं लक्ष स्वयंपाकघरात गेलं. तुम्ही पाठमोऱ्या उभ्या होता आणि लोकांचे कप धूत होता. दीर गेला म्हणून भावजय रडणार किती? दोन अश्रू, तेवढेच तुमच्या वाट्याचे. तोच कप तुम्ही पुन्हा पुन्हा विसळत होता. मी उठून आत यायला हवं होतं. आले नाही. मला वाटलं, आता कळू दे. हे मी आज कबूल करते. पुढच्या आठवड्यात मी माझ्या मुलाला सगळं सांगितलं. तो महिनाभर माझ्याशी बोलला नाही, आणि मग एक दिवस येऊन म्हणाला, फोटो तरी आहे का? फोटो नव्हता. भाऊजींच्याच फोटोतलं नाक दाखवलं.

आता म्हाताऱ्यानं काय सांगितलं ते ऐका. आधी मी नुसती मान हलवत होते, कारण तो भाऊजींच्या नावानं बोलत होता आणि त्या नावाला मान हलवायची मला सवय आहे. पण तो म्हणाला, जहाजावर त्यांना आम्ही घडीवाला म्हणायचो. पहिल्याच दिवसापासून सगळ्यांचे सदरे, पांघरुणं, भटारखान्यातली फडकीसुद्धा घडी करून ठेवायचे, कोपऱ्याला कोपरा. भट्टीवरून काळाकुट्ट होऊन वर आलेला माणूस, आणि आधी घडी घालणार, मग पाणी पिणार. जाऊबाई, मी ओठ दाताखाली धरला. बॉयलर निवायला लागला की हे आमच्या खोलीत यायचे आणि माझ्याबरोबर चादरीची दोन टोकं धरायचे. तशीच तर ओळख झाली आमची. भाऊजींना स्वतःचा मोजासुद्धा सापडत नसे.

होडीत अकराजण होते. पाणी तिसऱ्या दिवशी संपलं. एक ताडपत्री होती, पाऊस आला की सगळे ती चार कोपऱ्यांत धरायचे, आणि वाऱ्यानं सगळं पाणी उडून जायचं. तर ह्यांनी ती काढून घेतली आणि तिला चुण्या घातल्या, बारीक, एकावर एक, जशा आम्ही जहाजाच्या पडद्यांना घालायचो. प्रत्येक चुणीची पन्हळ झाली आणि सगळ्या पन्हळी एका डब्यात उतरल्या. दोन पाऊस पडले, त्यावर सहाजण जगले. म्हातारा म्हणाला, मी त्या चुण्यांवर एकसष्ट वर्षं जगतोय. आणि त्यानं माझ्या टेबलावरचं फडकं घेऊन त्या करून दाखवल्या. आणि बरोबर केल्या. मधल्या बोटानं दाबून. ती पद्धत फक्त आमच्या लाँड्रीची.

मला इतका आनंद झाला, खरं सांगते, मी मोठ्यानं हसले. बाईला वाटलं म्हातारीचं डोकं फिरलं. पण विचार करा, एकसष्ट वर्षं मला एवढंच ठाऊक होतं की जहाज बुडालं. मी त्यांना रोज पाण्यात पडताना बघत होते, नुसतं पडताना. आणि ते तर तिथे बसून घड्या घालत होते.

बाराव्या दिवशी गेले. तेराव्या दिवशी दुसऱ्या जहाजानं बाकीच्यांना उचललं. जायच्या आधी त्यांनी या म्हाताऱ्याला जवळ बोलावलं आणि सांगितलं, मला तुम्ही ज्या नावानं हाक मारता ते माझं नाव नाही. माझं नाव हे. म्हण बघू. त्याच्याकडून तीनदा म्हणून घेतलं. म्हातारा म्हणाला, वर आल्यावर मी त्या जहाजाच्या कप्तानाला सांगितलं, तर तो म्हणाला, समुद्राचं पाणी प्यालेला माणूस काहीही बरळतो. पण मी विसरलो नाही. आणि जाऊबाई, त्यानं ते नाव घेतलं. माझ्या स्वयंपाकघरात, बिस्किटाचा चुरा मिशीला लागलेला असताना, त्यानं ह्यांचं नाव ह्यांचं म्हणून घेतलं. मग विचारलं, आजी, या नावाचं तुमच्या घरात कोणी होतं का?

बाईनं पेन उघडलं होतं. खिडकीतून शिवणवालीचं यंत्र ऐकू येत होतं. मला एवढंच म्हणायचं होतं की तुमचा घडीवाला म्हणजे तेच. आणि मी म्हणाले, हो, माझ्या नवऱ्याचं नाव ते. तुमच्या घडीवाल्यांचे धाकटे भाऊ. बाईनं विचारलं, ते कधी वारले? मी म्हटलं, पुष्कळ वर्षं झाली, इथेच, पलीकडच्या खोलीत. कसं सरळ आलं बघा तोंडातून! एकसष्ट वर्षांची सवय, जीभ आपोआप त्या वळणानं जाते. बाईनं लिहून घेतलं. मी वाचलं, उलट्या बाजूनं वाचता येतं मला, लाँड्रीत तसंच वाचायला लागायचं. तिनं लिहिलं, अखेरच्या क्षणी धाकट्या भावाची आठवण काढली. म्हाताऱ्यानं डोळे पुसले आणि म्हणाला, भावाभावांचं काय प्रेम म्हणायचं! त्यानं इतकी वर्षं जिवापाड सांभाळलेलं नाव मी त्याच्या हातातून काढून घेतलं आणि पुन्हा भाऊजींच्या खिशात टाकलं. ह्यांनी मरताना एकच गोष्ट मागितली होती. ती मी चहाच्या कपासकट विसळून ठेवली.

आता इथून पुढे मी तुम्हाला अगं-तुगं करणार आहे. रागावू नका. जे लिहायचंय ते अहो-जाहोमध्ये लिहिता येत नाही.

ताप नव्हता गं. भाऊजी त्याआधी एकदा बुडून वर आले होते, आणि तेव्हापासून किटलीची शिट्टी वाजली तरी टेबलाखाली जायचे. त्यांच्या पायांनी जहाजाचा जिना चढणं होणार नव्हतं. यात लाजण्यासारखं काही नव्हतं, हे मला आज कळतं. तेव्हा आपल्याला लाज वाटली म्हणून ताप म्हटलं. तू त्या दिवशी लाँड्रीत आलीस, भर दुपारी, इस्त्रीच्या खोलीत. वाफेत तुझा चेहरासुद्धा नीट दिसत नव्हता. म्हणालीस, माझा गेला तर ही पोर उघडी पडेल. तुझ्या पदरात अजून काही नाही. तुझ्या नवऱ्याला पाठव. आणि तू माझ्यापुढे हात जोडलेस. तू, जी मला भाजी चिरतानासुद्धा टोकायचीस! मी हो म्हणाले. ह्यांना विचारायच्या आधी मी हो म्हणाले. दया आली म्हणून नाही. तू हात जोडून उभी होतीस, ते मला आवडलं म्हणून. आणि माझ्या पदरात काही नव्हतं असं नव्हतं. मला तिसरा महिना होता, फक्त मी कोणाला सांगितलं नव्हतं. ह्यांनासुद्धा नाही. घरी जाऊन सांगणार होते. मग नाही सांगितलं, कारण सांगितलं असतं तर ते गेले नसते आणि तुला दिलेला शब्द मोडला असता. म्हाताऱ्याला मी विचारलं, मुलाबाळांबद्दल काही बोलले का? तो म्हणाला, नाही, मूल नाही असंच म्हणायचे. जे त्यांना ठाऊकच नव्हतं ते बोलणार कुठून? तेव्हा एकसष्ट वर्षं मी मनात तुला जे बोलत आले, त्यातलं अर्धं माझं मलाच होतं.

म्हणून हे पत्र. नावाच्या कागदावर सही तुझी हवी आहे, कारण सरकारच्या लेखी विधवा तू. बाई म्हणाली, त्या प्रवास करू शकत नसतील तर आम्ही त्यांच्या गावी जाऊ, पण आधी इथे येऊन राहिलेली माहिती पूर्ण करू. मी या वेळी खरं सांगणार आहे. म्हातारा समोर असेल, त्याला मी तेच नाव पुन्हा घ्यायला लावणार आहे, आणि त्या चुण्या कोणाच्या ते सांगणार आहे. मग पदक देवोत की न देवोत, दगडावरचं नाव खोडोत की ठेवोत, आणि दोन म्हाताऱ्यांना तुरुंगात टाकायचं असेल तर आम्हाला शेजारशेजारच्या खोल्या द्या म्हणेन. तुला विचारत नाहीये. मी तुला फक्त वेळ देतेय. चिमणी चौसष्ट वर्षांची झाली. अजून त्या दगडापाशी फुलं घेऊन जाते, आणि ज्या माणसानं तिला सायकल शिकवली, तिच्या तापात पायाशी बसून दिवस काढले, त्याला तो मरेपर्यंत काका म्हणाली. तो तिचा बाप होता, हे तिला फाईलवाल्या बाईकडून कळू नये. माझ्याकडूनही नाही. तुझ्या तोंडून कळू दे. ती ओरडेल, तुला ऐकू येणार नाही, तेवढं एक बरं आहे. मग यावंसं वाटलं तर दोघी या, मी जिन्याखाली माणूस उभा करते. आज सोमवार. पत्र तुला बुधवारी मिळेल. गुरुवार तुझा. ते शुक्रवारी येतो म्हणालेत, सकाळी अकराला.

तुझीच,
धाकटी